कुठलं तोंड?

मुरबे गावची हिरा म्हणजे तोंडाची भलती फटकळ. बोईसरच्या बाजारात सुके बोंबील घेऊन बसली, की भाव पाडून मागणाऱ्याची अशी काय हजेरी घ्यायची की तो मुकाट सांगेल त्या भावाने घेऊन जायचा. अशा बाईला एका शब्दाने तीन महिने फिरवलं, आता बोला.

झालं असं. गावात बायकांच्या कॅन्सर तपासणीचं शिबिर लागलं. गावची आशा सेविका वैभवी, तिने घरोघर फिरून बायका गोळा केल्या, हिरालाही नेलं. नर्सने आधी तोंडात बॅटरी मारली, मग छाती तपासली, मग पडद्याआड नेऊन खालून तपासलं. त्या शेवटच्या तपासणीला हिराने डोळे गच्च मिटून घेतले होते. फॉर्मवर नंबर दिला मुलाचा, सुजितचा.

तिथेच माशी शिंकली. नर्सला कळवायचं होतं, की हिराच्या गर्भपिशवीच्या तोंडाला पांढरा डाग आहे. आत्ताच उपचार केला तर जाईल, तसाच राहिला तर पुढे कॅन्सर होऊ शकतो. पण फोनवर पुरुषाचा आवाज आला आणि पोरगी लाजली. "आईच्या तोंडाला पांढरा डाग आहे, पालघरला दाखवा," म्हणाली आणि ठेवला फोन. पिशवी तिने गिळून टाकली.

सुजितने मोबाईलच्या उजेडात आईचं तोंड पाहिलं. डाग नाही. हिराने आरशात पाहिलं. नाही. मग सुजितने तिला बोईसरच्या दातांच्या डॉक्टरकडे नेलं. तो म्हणाला, तोंड साफ आहे, फक्त मशेरी सोडा. झालं, पालघर राहून गेलं.

हिराने मशेरी सोडली. डोकं ठणकायला लागलं, गिऱ्हाइकावर उगाच खेकसायला लागली. रोज सकाळी आरशासमोर आ करून उभी राहायची. डाग हाय म्हनतात, मंग दिसत का नाय? आपोआप गेला? का मनाच दिसत नाय? विचार करून करून तिची मती गुंग झाली, आणि भीती वाटायची ती वेगळीच.

तीन महिन्यांनी वैभवी यादी घेऊन दारात आली.

"हिरामावशी, तुमी पालघरला गेल्याच नाय?"

हिराने रागाने आ केला. "बघ. कुठं हाय डाग?"

वैभवीने तोंडात पाहिलं, मग कागदात पाहिलं आणि ओट्यावर बसलीच. "मावशी, ह्या तोंडाला नाय. पिशवीच्या तोंडाला."

"कुठली पिशवी?"

"पोर राहतं ती."

"तिला तोंड असतं?"

"मंग पोर येतं कुठून?"

हिराला आधी हसू आलं. मग नर्सचा, सुजितचा, स्वतःचा, सगळ्यांचा राग आला आणि डोळे भरून आले. इतकं साधं सांगायला काय जात होतं मेल्यांचं?

दुसऱ्या दिवशी वैभवी तिला पालघरला घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा नीट तपासलं. डाग वाढला होता, पण कॅन्सर झाला नव्हता. आत उष्णता देऊन त्यांनी तो शेकून टाकला. दहा मिनिटंही लागली नाहीत. वर्षाने पुन्हा दाखवायला या, म्हणाल्या.

पुढच्या बाजाराला हिराने ही सगळी हकिगत शेजारी बसणाऱ्या बायडीला सांगितली. बायडीही मुरब्याचीच, त्याच शिबिराला गेलेली. ऐकता ऐकता तिचा बोंबील निवडणारा हात थांबला.

"माज्या घरवाल्यालापन आलेला तसाच फोन," ती म्हणाली. "पांढरा डाग हाय म्हनून. मी तं दोन दाढा काढून घेतल्या."

हिराने पुढ्यातलं गिऱ्हाईक तसंच लावून दिलं.

"आता कायपन दुखत नाय," बायडी म्हणाली. "डाग गेला असंल ना गं?"

हिराने दोघींच्या टोपल्यांवर फडकी टाकली. "ऊठ बायडे," ती म्हणाली.