एल्मोरच्या वाट्याचा शब्द

वर्लीन टोलिव्हर ठराव वाचायला उभी राहिली की चर्चमधले हातपंखे थांबत. दक्षिण जॉर्जियातल्या या भुईमुगाच्या गावात कुणी गेलं की अंत्यविधीला मंडळीतर्फे दुखवट्याचा ठराव वाचायची रीत आहे. ज्या अर्थी अमुक आपल्यात नांदला, ज्या अर्थी त्याने असं असं केलं, त्या अर्थी ही मंडळी ठराव करते की... चर्चची चिटणीस म्हणून तीसेक वर्षं तो वर्लीनच लिहीत आली होती.

पहिल्या ठरावात तिने मेलेल्याला तीनदा ‘चांगला’ म्हटलं होतं. विधवा नंतर म्हणाली, “चांगला तर आमचा कुत्राही होता, सिस्टर.”

वर्लीनला ते लागलं. शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी सांभाळून ती शब्दांच्या मागे लागली. ओट्यावरच्या खिडकीत शब्दकोश आला. आठवड्याला एकच शब्द, पण तो जिभेवर रुळेपर्यंत ती दुकानात, फोनवर, जेवताना वापरायची. नवरा गस विचारायचा, “आज ताटात काय आहे बाई, भाजी की शब्द?”

तिचा एक नियम होता. प्रत्येक मृताला एक नवा शब्द द्यायचा, आणि तो पुन्हा दुसऱ्या कुणासाठी काढायचा नाही. उष्टा शब्द ती देत नसे. त्यामुळे म्हाताऱ्या आधीच नंबर लावायच्या. मिस कॉर्डेलिया तर अजून कुरकुरते, “मॅग्नॅनिमस! मोठ्या मनाची! माझ्यासाठी ठेवायचा होतास गं. ती आयडा घेऊन गेली.”

मार्चमध्ये वर्लीनचा भाऊ एल्मोर वारला.

एल्मोर गाड्या दुरुस्त करायचा. महिनोन्‌महिने घरातून नाहीसा व्हायचा, मग एखाद्या सकाळी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन दारात उभा. बायको गेली तेव्हाही तो गावात नव्हता. त्याचा मुलगा डेमेट्रियस निम्मा वर्लीनच्याच घरी वाढला.

एल्मोरचा सूट अंत्यविधीवाल्यांकडे द्यायला दोघं डेमेट्रियसच्या ट्रकमधून निघाली.

“आत्या, ठराव तूच वाचणार?”

“मग दुसरं कोण?”

“तर आत्ताच ऐकून ठेव. तुझे ते झूल घातलेले शब्द त्याच्यावर चढवू नकोस. ‘प्रेमळ पिता’ वगैरे म्हणालीस, तर मी उठून जाईन. सगळ्यांदेखत.”

“माझा भाऊ होता तो, डेमेट्रियस.”

“आणि माझा बाप. तुला भाऊ रोज लागत नव्हता.”

वर्लीनने मांडीवरचा सूट सारखा केला. हा मुलगा आता उठून गेला, तर पुन्हा तिच्याही दारात यायचा नाही, हे तिला ठाऊक होतं. बाहेर भुरभुर चालू होती. काचेवरचा वायपर एकदा फिरून थांबला. बिघडलाय असं वाटेपर्यंत पुन्हा फिरला.

“हा बंद पडतोय का रे?”

“नाही. बारीक पावसाला तसाच ठेवतात. इंटरमिटंट.” मग तो दिवसभरात पहिल्यांदा हसला. “तुला शब्द मी सांगायचा? जग बुडालं, आत्या.”

शब्द तिच्या ओळखीचा होता. मध्ये मध्ये खंड पडत चालणारं, असा त्याचा अर्थ. तापाबद्दल, पावसाबद्दल तिने तो वाचला होता. माणसाला कधी लावला नव्हता.

घरी येऊन तिने आधी लिहिलेला ‘डिव्होटेड’, म्हणजे एकनिष्ठ, खोडला. गसने खांद्यावरून वाचलं.

“अगं, मेलेल्याची उणीदुणी काढायची जागा आहे का ती?”

“उणं नाही आणि दुणंही नाही,” ती म्हणाली. “तो होता तेवढाच आहे.”

शनिवारी चर्च भरलं होतं. वर्लीनने चष्मा लावला. मूळ गाव, जन्म, बाप्तिस्मा वाचून झालं. मग:

“ज्या अर्थी एल्मोर हा इंटरमिटंट बाप होता, ज्या अर्थी तो असायचा तेव्हा सगळाच्या सगळा असायचा, आणि नसायचा तेव्हा त्याची जागा दुसऱ्या कुणालाच भरता आली नाही...”

एरवी अशा जागी बाकांवरून “बोल, सिस्टर!” असा गजर उठतो. आज कुणी बोललं नाही. ज्यांना शब्द कळला नाही ते वाट पाहत राहिले. ज्यांना कळला त्यांनी माना खाली घातल्या. पहिल्या बाकावर डेमेट्रियसने दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले. उठताना माणूस टेकतो तसे. वर्लीनने वाचणं थांबवून त्याच्याकडे पाहिलं.

तो उठला नाही.

“वाच, आत्या,” तो म्हणाला.

मागून मिस कॉर्डेलियाचा चिरका आवाज आला, “बोल, सिस्टर. खरं ते बोल.”

ठरावाची शिक्का मारलेली प्रत घरच्यांना द्यायची असते. डेमेट्रियसने ती उभ्या उभ्याच वाचली. एका ओळीवर बराच वेळ थांबला.

“हा आता दुसऱ्या कुणाला देणार नाहीस ना?”

“नाही,” वर्लीन म्हणाली. “तो एल्मोर घेऊन गेला.”

त्याने कागद घडी न घालता कोटाच्या आत सरकवला आणि शवपेटीची कडी धरायला पुढे गेला.