शॉर्टस्टॉप ठेवायचा की सोडायचा

गेल्या रविवारी इथे सिंगापुरात तोआ पायोहच्या हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत, आमची बैठक होती आणि माझा जीव सकाळपासून थाऱ्यावर नव्हता... विषय ऐकून हसाल. अमेरिकेतला एक एकोणीस वर्षांचा पोरगा टीममध्ये ठेवायचा की सोडायचा, एवढाच.

आधी थोडं सांगतो. मी इथे शिपयार्डात रिगर आहे, म्हणजे क्रेनला माल बांधायचा आणि नीट उतरवून घ्यायचा. शिक्षण नववी नापास. रविवारी टेनिस बॉलवर क्रिकेट खेळताना पुण्याच्या आयटीवाल्यांशी ओळख झाली, आणि त्यांच्यातल्या मंदारदादांनी मला त्यांच्या फँटसी बेसबॉल लीगमध्ये ओढलं. त्यांचा एक मित्र भारतात परत गेला होता, त्याची टीम रिकामी होती... ती मला मिळाली.

खेळाडू तिकडचे खरे, मॅचेस खऱ्या, ते जसं खेळतील तसे आपल्या टीमला गुण. दर मार्चमध्ये, नवा सीझन सुरू व्हायच्या आधी, प्रत्येकाने फक्त पाच जण ठेवायचे, त्यांना कीपर म्हणतात. बाकीचे सगळे सुटतात आणि पुन्हा वाटणी होते.

आता पाचही तयार माणसं ठेवली तर ह्याच वर्षी गुण. पण काहीजण कोवळी पोरं ठेवतात, जी अजून खालच्या लीगमध्ये धडपडतायत... दोन-तीन वर्षांनी वर आली तर सोनं, नाही आली तर जागा फुकट.

माझा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला फील्डर, असाच. नाव सांगून तुम्हाला कळणार नाही. कुठल्याशा बेटावरून पोरवयात घर सोडून आला, इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता म्हणे. मंदारदादांनी मला शिकवलं होतं, पोराचे आकडे नंतर बघ, आधी वय बघ. समोर बॉल टाकणारे सगळे बावीस-तेवीसचे, आणि हा त्यांच्यापुढे टिकतो... वाईट बॉलला बॅटच लावत नाही.

तिकडची रात्रीची मॅच आपल्याकडे सकाळी असते. चहाच्या सुट्टीत मी त्याचा स्कोअर बघतो, फोरमनला वाटतं मुलीचा मेसेज आलाय.

एवढं असून मी त्याला सोडायला निघालो होतो. माझं वर्क परमिट जूनमध्ये संपतंय. यार्डात काम कमी झालंय, कोणाचं रिन्यू होणार ते अजून सांगितलेलं नाही... रोज कोणीतरी नवी बातमी आणतो आणि रोज ती खोटी निघते. जेवणावरची वासनाच गेली आहे.

आमच्या डॉर्मची, म्हणजे कामगारांच्या वसतिगृहाची, एक रीत आहे. ज्याचं परमिट संपलं तो जाण्याआधी आवराआवर करतो. राइस कुकर एकाला, बादली दुसऱ्याला. लॉकर पुसून ठेवायचा, कारण त्या जागेवर लगेच नवा माणूस येतो. व्हॉट्सॲप ग्रुपमधूनही त्याच दिवशी नाव जातं. कोणी वाईट वाटून घेत नाही, आज त्याचं तर उद्या आपलं.

मी टीमचंही तेच करत होतो. शॉर्टस्टॉप वर येईल तेव्हा मी इथे असेन कशावरून... मग ठेवायचा कोणासाठी? त्याच्या बदल्यात चौतीस वर्षांचा एक पक्का बॅटर घ्यायचा, एकदा तरी वरच्या तिघांत यायचं आणि टीम पुढच्या माणसाच्या हातात द्यायची.

तो बॅटर समीरकडे होता. समीर म्हणजे लीगमधला सगळ्यात चिवट सौदेबाज. मी ऑफर दिली तर त्याने नूडल्सचा चमचा खालीच ठेवला.

"वर्षभर ह्या पोरासाठी मी तुझ्या मागे लागलोय, तेव्हा फोन उचलत नव्हतास. ह्याला दुखापत-बिखापत झाली काय?"

"दुकान बंद करतोयस काय रे?" मंदारदादा म्हणाले.

सांगावंच लागलं मग. जूनचं सांगितलं. म्हटलं, माझ्यानंतर जो येईल त्याला टीम बरी मिळावी, म्हणून चाललंय.

"तुझ्यानंतर कोण येणार आहे?"

"ते तुम्ही ठरवाल ना दादा. आधीचा गेला तसा मी आलो."

"अरे, त्याला पुण्यात जाऊन कंटाळा आला म्हणून त्याने सोडली. आम्ही नाही काढला त्याला."

समीर म्हणाला, "आणि आपले काका कुठून खेळतात असं वाटतं तुला? समोरच्या ब्लॉकमधून?"

काका म्हणजे आमच्या लीगमधले मरीन इंजिनिअर. सतत जहाजावर. त्यांचा मेसेज कधी तीन दिवसांनी येतो, कधी आठ... आणि मी त्यांना आजवर एकदाही पाहिलेलं नाही, हे मला त्या टेबलावर बसल्यावर लक्षात आलं.

"टीम तुझी आहे," दादा म्हणाले. "तू गावाला चिपळूणला जा नाहीतर कुठेही जा, मार्चमध्ये पाच नावं पाठवायची. आणि शेवटचा आलास तर बोलणी खायला ऑनलाइन यायचं."

मी कोपीचा, म्हणजे इथल्या कॉफीचा, उरलेला घोट संपवला.

समीरला मात्र धीर नव्हता. "ते ठीक आहे, पण आपला सौदा?"

"नाही," मी म्हटलं.

"बघा दादा, तुम्हाला काय गरज होती समजावायची. आता काढून घ्या तुम्हीच त्याच्याकडून."

त्याच संध्याकाळी पाच नावं पाठवली, शॉर्टस्टॉप धरून. त्यामुळे ह्या वर्षी मी तळाला जाणार हे जवळजवळ नक्की. परमिटचं अजून काही कळलेलं नाही, भीती आहे तशीच आहे... फोन वाजला की आधी ऑफिसचा नंबर आहे का बघतो.

त्या दिवशी दोघांचे आभार मानायचे राहिले, म्हणून इथे लिहितोय. पोरगा वर येईल की नाही देव जाणे. पण आला तर मी जिथे असेन तिथून बघणार आहे... आणि समीर जिथे असेल तिथे जळणार आहे.