कापडाची आतली बाजू

शांती नगरात एका इमारतीच्या जिन्याखाली शेवंतीचं मशीन आहे. मशीन मावावं, शेवंती मावावी आणि गिऱ्हाइकानं बाहेर उभं राहावं, एवढीच ती जागा. साडीला फॉल-पिको, पोरांच्या चड्ड्यांची उंची वाढवणं, उशांचे अभ्रे, असली कामं. सेक्टरातल्या बायका येता-जाता विचारतात, "आंटी, आज मिलेगा क्या?" आणि ती ओठांत धरलेली टाचणी न काढता मानेनंच सांगते की मिलेगा.

पण याच जिन्याखालून आणखी एक वस्तू बाहेर पडते. ती अंगात घालायची नाही आणि पांघरायचीही नाही. ती दोन झाडांना बांधायची आणि तिच्यात आडवं व्हायचं.

त्याचं असं झालं. काही वर्षांमागे जवळच्या पूनम सागर वसाहतीतला जितेश बगलेत पॅराशूट कापडाची गुंडाळी घेऊन आला. मोबाइल कंपनीत नोकरी करणारा, रविवार आला की डोंगरात पळणारा पोरगा.

"काकी, एवढं शिवून द्या. दोन्ही टोकांना नेफा घाला. त्यातून दोरी ओवायची, झाडांना बांधायची नि आत झोपायचं."

"मग झोळी म्हण की."

"झोळी नाही काकी, हॅमॉक."

"नाव काय पण ठेव. आत केवढा माणूस झोपणार ते सांग."

तिनं शिवून दिली. केशरी कापड, सरळ कडा, नेफ्याला दुहेरी शिलाई. दोन आठवड्यांनी तो पुन्हा आला तो खुशीत.

"झकास झालीय. फक्त आत पडलं की कडा वर येतात नि तोंड झाकलं जातं. बाहेरून बघणाऱ्याला कळतसुद्धा नाही, आत कोण आहे."

शेवंतीचा मशीनवरचा पाय थांबला.

"दुसरं कापड आण," ती म्हणाली. "ते तसं नाय राहणार."

दुसऱ्या झोळीच्या दोन्ही कडा तिनं खडूनं आखून, ब्लाउजचा गळा उतरवतात तशा, मधोमध खोलगट उतरवल्या. आता आत पडलेल्या माणसाचं तोंड उघडं राही. जितेशच्या मित्रांना ते फारच आवडलं. हळूहळू त्यांचा एक गटच झाला. फोनवर त्यांनी त्याला 'झोळीवाले' नाव दिलं, आणि गटात नवा कोण आला की त्याला पहिल्यांदा शेवंतीच्या जिन्याखाली धाडायचे. "काकीची झोळी तोंडावर येत नाही," असं ते एकमेकांना सांगत. का येत नाही, हे कुणी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. एवढ्या झोळ्या तिनं शिवल्या, पण एकीतही ती कधी पाठ टेकून पडली नव्हती.

शेवंतीचं माहेर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीतली वाडी. वाडीला देव होता, पाण्याचा झरा होता, करवंदांच्या जाळ्या होत्या. रस्ता तेवढा नव्हता. माणूस आजारी पडलं की बांबू तोडायचा, त्याला कापडाची झोळी बांधायची आणि आळीपाळीनं खांदा देत डोंगर उतरायचा. शेवंतीची आई अशीच गेली. पोटात दुखतं म्हणून रात्रभर तळमळली, आणि सकाळी ऊन वर यायच्या सुमाराला तिला तिच्याच हिरव्या लुगड्याच्या झोळीत घातलं. बांबू खांद्यावर चढला तशा लुगड्याच्या दोन्ही कडा मिटल्या. आई दिसेनाशी झाली.

शेवंती तेव्हा परकरात होती. ती झोळीच्या बाजूनं चालू लागली. तोंड उघडणार, तोच चुलता म्हणाला, "हाक मारू नको गं. निघालेल्या माणसाला हाक मारली की जीव मागं अडकतो." तिनं ओठ मिटले. पायवाट उताराची. कोवळं ऊन तिच्या पाठीवर तिरपं होतं आणि तिची सावली लुगड्यावर पडली होती. बघायला दुसरं काही नव्हतंच. ती आपल्या सावलीकडे बघत चालली. वेणी हलताना दिसायची. ओढ्यापाशी आल्यावर चुलत्यानं तिला माघारी पाठवलं. पलीकडच्या चढावर ते हिरवं गाठोडं हलत हलत गेलं आणि आंब्याच्या वळणाला दिसेनासं झालं.

आई परत आली नाही. खालीच तालुक्याला सगळं आटोपलं.

लोक म्हणतात, पोरवयातलं दुःख विरून जातं. शेवंतीचं विरलं नाही. लग्न झालं, भाईंदरला आली, बबनचा संसार केला. पण एक गोष्ट तिच्या उरात कुसळासारखी राहिली. आईनं अंधारात पडून डोंगर उतरला, आणि आपली पोरगी आपल्या हाताच्या अंतरावर ओढ्यापर्यंत चालत आली, हे तिला कळलंच नाही. एक हाक मारली असती तर कळलं असतं.

झोळीवाले दर उन्हाळ्यात शेवंतीला चला म्हणत आणि ती दर उन्हाळ्यात लग्नसराईचं काम पुढे करी. यंदा चैत्रात भावाचा फोन आला. वाडीला डांबरी रस्ता झाला, पहिली गाडी वर आली, बायकांनी गाडीला ओवाळलं. "आता झोळी लागायची नाय गं ताई," भाऊ म्हणाला. शेवंतीला आनंद झाला. पण फोन ठेवून ती मशीनकडे वळली तेव्हा समोर अर्धी शिवलेली झोळीच होती. वाडीतली झोळी संपली. आता ती उरली फक्त आपल्या जिन्याखाली. त्याच आठवड्यात जितेश विचारायला आला आणि ती म्हणाली, "येते."

बबन सोसायटीच्या गेटवर वॉचमन. तो म्हणाला, "पन्नाशी उलटली नि आता झाडाला लटकायला चाललीस?"

"तुम्ही गेटला लटकताय तसंच," ती म्हणाली. "डब्यात भाकरी हाय. दूध वर ठेवलंय."

मे महिन्यातल्या एका शनिवारी गटातल्या बंटीच्या गाडीतून सगळे निघाले. खाडीवरचा वर्सोव्याचा पूल ओलांडला, मनोर मागं टाकलं आणि ऊन कलायच्या वेळेला केळव्याच्या अलीकडे ओळखीतल्या एकाच्या सुरूच्या वाडीत उतरले. सुरूची झाडं रांगेनं उभी, खाली तपकिरी काड्यांचा मऊ थर, आणि वारा असा की समुद्र झाडांवरच चढून बसलाय असं वाटावं. बघता बघता झोळ्या बांधल्या गेल्या. निळ्या, पोपटी, जांभळ्या, सगळ्या शेवंतीच्या हातच्या. गिऱ्हाइकाला दिल्यावर वस्तू पुन्हा दिसत नाही. आज साऱ्या एका जागी वाऱ्यावर हलत होत्या. माहेरवाशिणी जमल्यासारखं तिला वाटलं.

शेवंतीनं आणलेले घावणे आणि जवळ्याची चटणी पानात पडली तसा बंटी म्हणाला, "काकी, तुम्ही दर वर्षी यायला पाहिजे."

"चटणीसाठी की माझ्यासाठी?"

"खरं सांगू?"

"नको सांगू. जेव."

जेवणं झाल्यावर जितेशनं पिशवीतून एक केशरी घडी काढली. "ही ओळखा."

तिनं नेफ्यावरून बोट फिरवलं. शिलाई एका जागी वाकडी होती. "ही तर पहिली. टाकली नायस अजून?"

"टाकतोय कसला? आज ही तुमची."

"मी चटईवर झोपते. जमिनीशिवाय पाठ लागत नाय मला."

तरी त्यानं ती दोन सुरूंच्या मधे बांधलीच. आरोही, दाताच्या दवाखान्यात कामाला असलेली, गटातली सगळ्यांत धाकटी मुलगी, आपल्या झोळीतून म्हणाली, "काकी, एकदा तरी बसून बघा. शिवता येते नि झोपता येत नाही, असं कुठं असतं का?"

"स्वैपाक करणारी बाई आधी जेवते काय?"

"शेवटी तरी जेवते."

शेवंतीनं चटई झटकून पसरली.

दिवे मालवले. एकेक जण कापडात आडवा झाला. तोंडं उघडी होती, तरी अंधारात तिला एकही तोंड दिसेना. नुसती ओळीनं टांगलेली गाठोडी. ती कूस बदलून समुद्राचा आवाज ऐकत राहिली. डोळा लागला आणि उघडला तेव्हा उजाडलं होतं. झोळ्या रिकाम्या होत्या. सगळे ओहोटी बघायला किनाऱ्यावर गेले होते.

शेवंती उठली. केस बांधले. केशरी झोळी तिच्यासमोर वाऱ्यानं हलकी हलत होती. तिनं एका हातानं ती धरून थांबवली. आजूबाजूला कुणी नव्हतं. असतं तर ती बसलीच नसती. तिनं नेसूचं काष्ट्यासारखं खोचून घेतलं, कापडावर बूड टेकलं, पाय उचलले आणि पाठ सोडून दिली.

कडा वर आल्या आणि तोंडावर मिटल्या.

तिचा हात कड धरायला धावला. बाहेर पडावं, आत्ताच्या आत्ता. मग तिनं डोळे उघडले.

आत अंधार नव्हता.

केशरी उजेड होता, पिकल्या आंब्याच्या सालीतून यावा तसा. सुरूच्या फांद्या कापडावर काड्याकाड्यांनी उमटल्या होत्या आणि हलत होत्या. एक पक्षी या कडेकडून त्या कडेला गेला. तिनं तो पंखांनिशी पाहिला. कापडानं तिला पाठीखालून, कुशींतून, खांद्यांतून धरलं होतं. इतक्या वर्षांत तिला असं सगळीकडून कुणी धरलं नव्हतं. तिचा कड धरलेला हात हळूच खाली आला.

काड्यांवर पावलं वाजली. बोलणं जवळ येत होतं. जितेश काहीतरी मोठ्यानं सांगत होता. मग एकदम आरोहीचा आवाज आला, दबका:

"श्श. काकी झोपल्यात आत. हाक मारू नकोस."

पावलं हळू झाली. मागून सूर्य होता. कापडावर पहिल्यांदा जितेश आला, लांबुडका, हातात किटली. मग बंटी, खांद्यावर टॉवेल. शेवटी आरोही. सडपातळ सावली, वेणी खांद्यावरून पुढे आलेली. ती झोळीच्या बाजूनं चालताना वेणी हलली. मग ती थांबली. आत कोण कसं झोपलंय ते तिला दिसत नव्हतं, म्हणून उगीच उभी राहिली असेल. पण आतून शेवंतीला ती केसाकेसानं दिसत होती.



कोवळं ऊन. पाठीवर होतं ते. सावली लुगड्यावर पडली होती, तिनं स्वतः पाहिली होती. इतकी वर्षं ती सावली तिला आठवत होती, परकर, वेणी, सगळी. पण कापडाला दोन बाजू असतात, हे जन्मभर कापड उलटंसुलटं करणाऱ्या बाईच्या ध्यानात आलं नव्हतं. केशरीच्या जागी हिरवं. जुन्या, धुऊन मऊ झालेल्या लुगड्यातून येणारा हिरवा उजेड, आणि त्यात एक परकरातली पोरगी, मुकाट्यानं बाजूनं चालणारी. वाडीपासून ओढ्यापर्यंत.

आईचे डोळे उघडे असतील का? वेदनेनं मिटलेले असतील, कोण जाणे. हे आता कुणाला विचारायचं? खांदा देणारी माणसं गेली, चुलता गेला, आणि आता तर त्या पायवाटेवर गवत उगवेल. पण डोळे उघडे असतील, तर आईला ती दिसली होती. हाक लागलीच नव्हती.

शेवंतीच्या डोळ्यांतून पाणी निघालं आणि कानशिलांवरून कापडात मुरलं. बाहेरची सावली जायला वळली.

"आरोही," शेवंती आतून म्हणाली.

"अगंबाई, जाग्या होतात तुम्ही? चहा ठेवतोय आम्ही."

"चहा होऊ दे. तू जरा अशीच चाल बाजूनं. त्या पुढच्या सुरूपर्यंत जा."

"का काकी? काही पडलंय का तिकडं?"

"नाय. चाल तू."

आरोही हसली. वेडेपणाच होता तो, पण सकाळच्या वेळी वडीलधाऱ्या माणसाचं ऐकायला काय जातं? ती चालली. सावली कापडाच्या कडेपर्यंत गेली, बारीक झाली आणि फांद्यांत मिसळली.

"आता?" तिनं लांबून विचारलं.

"आता परत ये," शेवंती म्हणाली. "सावकाश ये. दिसतेस."