अर्जात लिहिलेलं ‘जर्जर’

भाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. पुतण्या एवढंच म्हणाला, "काकू, बाबा गेले... झोपेतच." मी फोन ठेवला आणि उरलेली जुडी निवडूनच उठले. आज त्याला पाच आठवडे झाले. भाऊजींबद्दल लिहायचं म्हणजे माझ्या एका चुकीबद्दल लिहिणं आलं, म्हणून इतके दिवस टाळत होते.

भाऊजी म्हणजे माझ्या यजमानांचे थोरले बंधू. लग्न होऊन साताऱ्याहून मी इंदूरला, छत्रीबागेतल्या त्यांच्या घरात आले तेव्हा माझं आणि हिंदीचं अजिबात पटत नसे. शेजारीण एकदा "हम चेष्टा करेंगे" म्हणाली आणि मी फुरंगटून आत निघून गेले. भाऊजी हसत मागोमाग आले. "अगं सुनंदा, ती तुझी टिंगल नाही करत, कोशिश करते म्हणतेय." त्यांचा जन्म इंदुरातला आणि नोकरीही सगळी हिंदीतली. कचेरीतले साहेबसुद्धा आपली पत्रं त्यांच्याकडून दुरुस्त करून घ्यायचे.

घर त्यांच्या पणजोबांनी बांधलेलं, दरबारात नोकरीला असताना. दोन मजले, सागवानी खांब, रस्त्यावर आलेला लाकडी सज्जा. पडकं तर मुळीच नव्हतं, कारण दर दिवाळीआधी भाऊजी स्वतः खांबांना अळशीचं तेल लावत. पुढे आम्ही मल्हारगंजात वेगळं बिऱ्हाड केलं, पण त्या तेलाचा वास आला की मला अजून दिवाळी आल्यासारखं वाटतं.

पेन्शनीत घराचा कर जड व्हायला लागला तेव्हा जुन्या घरांना काही सवलत आहे का, हे विचारायला भाऊजी महापालिकेच्या कचेरीत गेले. मोठ्या वास्तूंची वेगळी यादी होती, तिच्यात आमच्यासारख्यांची घरं बसत नव्हती. बाकी सवलत होती ती खराब झालेल्या घरांना. घर राखलंत तर पूर्ण कर भरा, पडू दिलंत तर सूट घ्या. असलं धोरण कुणाच्या डोक्यातून निघालं, देव जाणे.

भाऊजींचा हात तेव्हा कापायला लागला होता. माझ्याकडे येऊन म्हणाले, "एक अर्जी लिहून दे ना. बाबू लोगांना साफ अक्षर लागतं. लिही, घर जुनं आहे, खर्च झेपत नाही." मी पडले मराठीची मास्तरीण, तेवढ्यावर कशी थांबणार? मी लिहिलं, ‘मकान अब जर्जर है।’ माणूस वयानं जर्जर होतो, मग त्याला जपायचं असतं, एवढंच माझ्या मनात होतं. भाऊजी चष्मा घरी विसरले होते. "तू लिहिलंयस म्हणजे ठीकच असेल," म्हणत त्यांनी सही केली.

सवलत मिळाली. आम्ही गुलाबजाम केले.

दोन वर्षांनी पावसाळ्याआधी धोक्याच्या घरांची यादी निघाली आणि तिच्यात आमचं घर होतं. पाहणीला इंजिनियर आला तेव्हा मी तिथेच होते. त्यानं खांबावर हात फिरवला. "बाबूजी, लकड़ी तो पक्की है. पर जर्जर तो आपने ही लिखके दिया है." महापालिकेच्या हिंदीत घराला लावलेल्या त्या शब्दाचा अर्थ एकच, पाडण्याजोगं. हे मला तेव्हा कळलं. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

वर्षभर त्यांनी खेटे घातले. शेवटी घर उतरवलंच. भाऊजी मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले आणि हळूहळू बोलेनासे झाले. एकदा मला राहवलं नाही. "भाऊजी, माझ्यामुळे गेलं घर." ते म्हणाले, "छोड ना. चहा टाक." मी टाकला. तो त्यांनी अर्धाच प्यायला...

तेराव्यानंतर पुतण्यानं त्यांची फाईल माझ्या हाती दिली. घर वाचवण्यासाठी त्यांनी केलेल्या अपिलाची प्रत तिच्यात होती, त्यांच्याच थरथरत्या अक्षरातली. ‘जर्जर शब्द मैंने लिखवाया। लिखने वाली का कोई दोश नहीं। हम मराठी लोग हैं, मुझे हिंदि ठिक से नहीं आती।’

तीन ओळी आणि तीन चुका. आयुष्यभर दुसऱ्यांची हिंदी दुरुस्त करणाऱ्या माणसानं त्या मुद्दाम केल्या होत्या.