बायच्या गाडीचं फ्रीव्हील

पाचूबंदरच्या कोळीवाड्यात आमच्या घरी मोठ्या बहिणीला बाय म्हणतात. माझ्या बायचे पाय ती लहान असतानाच पोलिओने गेले, पण म्हणून ती घरात बसून राहिली नाही. हाताने चालवायच्या तीनचाकीवर सुक्या मासळीची टोपली ठेवून ती एकटी बाजारात जायची आणि बोंबील, जवळा विकून एकटीच परत यायची. मी फिटरची नोकरी करून आचोळ्याच्या फ्लॅटमध्ये येऊन पडलो. बाय कधी भेटायला आली की खालूनच फोन करून टोमणा मारायची, "पाय देवानं तुला दिले, आन वर जातोस लिफ्टनं."

गेल्या वर्षी तिला बाजारात पोचायला उशीर व्हायला लागला. तिच्या जागेवर दुसरीच कुणी टोपली मांडून बसायची आणि बाय कडेला, उन्हात. कारण विचारलं की म्हणायची, "गाडीचा फ्रीव्हील सुटतंय. मी हात फिरवते, गाडी हलत नाय." एकदा तर म्हणाली की असंच चाललं तर धंदा बंद करून घरात पडून राहीन. ती हे सहज म्हणाली, पण मी ते सहज घेतलं नाही. बाजार सुटला तर बाय खचेल, हे सांगायला कुणी ज्योतिषी नको होता.

फ्रीव्हील म्हणजे चेन बसते ती दात्यांची चकती. तिच्या पोटात दोन लोखंडी खिट्ट्या असतात, त्यांना आम्ही कुत्रे म्हणतो. जोर लावला की कुत्रे दात धरतात आणि चाक ओढलं जातं. हात थांबला की टिकटिक करत सोडून देतात. बायच्या गाडीत ही चकती चाकात नव्हती. वर, हाताने फिरवायच्या दांड्याच्या, म्हणजे क्रँकच्या, आतल्या अंगाला पेचाच्या आट्यांवर आवळून बसवलेली होती. मी स्वतः हँडल फिरवून पाहिलं तेव्हा गाडी सुरळीत चालली. पण जुनं ग्रीस घट्ट झालं की कुत्रा कधी चिकटतो, कधी नाही. दुखणं डॉक्टरसमोर लपतं तसंच हे, असं मी म्हटलं आणि निदान पक्कं केलं.

बाय नको म्हणत होती. "राहू दे रे, चालतंय तेवढा चालू दे." मी ऐकणाऱ्यातला नव्हेच. आमच्या घरात हट्टीपणा काही तिच्या एकटीच्या वाट्याला आलेला नाही. शेवटी म्हणाली, "ने. पन क्रँक वाकवलीस तर घरात पाय ठेवू नको."

ही धमकी पोकळ नव्हती. ती क्रँक बाजारात मिळणारी नाही. एका वेल्डरने बायच्या हाताचं माप घेऊन ती बनवली होती, आणि तो वेल्डर केव्हाच गेला. मुठीचं लाकूड तिच्या बोटांनी झिजून खोलगट झालं होतं. क्रँक गेली असती तर गाडीच गेली असती.

कॉटरची खीळ काढून क्रँक घरी आणली आणि गॅलरीतल्या व्हाइससमोर, म्हणजे वस्तू आवळून धरायच्या लोखंडी शिकंजासमोर, बसलो. हा व्हाइस सोसायटीच्या सेक्रेटरींना खुपतो, कारण ठोकाठोकीने त्यांची दुपारची झोप मोडते. त्यांना सांगितलं की आज ठोकणार नाही, आणि ते खरंच होतं. छिन्नी लावून हातोडा घालणं हा सायकलवाल्यांचा सोपा मार्ग. त्यात चकती निघते, पण क्रँकचे आटे मरतात. तापवावं तर मुठीचं लाकूड करपेल. खाऱ्या वाऱ्याने आट्यांत गंज असा शिरला होता की चकती आणि क्रँक एकच वाटत होती. तेलात रॉकेल घालून आट्यांवर सोडलं आणि मुरू दिलं. मग पुन्हा सोडलं, पुन्हा थांबलो. बायको म्हणाली, "लोणचं घातलंय का?"

मग चकतीच्या दोन खाचांत बसणारी दोन दातांची चावी व्हाइसमध्ये धरली आणि क्रँक वरून पालथी बसवली. चावी उडू नये म्हणून मधून लांब बोल्ट घालून आवळला. हँडल धरून ओढलं तर क्रँक मधेच वाकणार, म्हणून मुठीचं लाकूड हलकेच उतरवून क्रँकवर लोखंडी पाइप अगदी मुळापर्यंत चढवला. त्यावर छाती टेकून रोज फिरते त्याच्या उलट दिशेला रेटलं. काही नाही. पुन्हा रेटलं. खांदे भरून आले, डोळ्यांपुढे काजवे चमकले.

तेव्हा मनात आलं, हे एवढं घट्ट कुणी केलं? फ्रीव्हील बसवताना कुणी जोर लावत नाही. हाताने फिरवून सोडून देतात. ते आवळलं जातं चालवताना, प्रत्येक ओढीला थोडं थोडं. म्हणजे मी झगडत होतो तो गंजाशी नव्हे, बायच्या दंडांशी. इतक्या वर्षांत ती जेवढं ओढत गेली ते सगळं या आट्यांत जाऊन बसलं होतं. मला रडू आलं आणि स्वतःचा रागही आला, आणि त्याच रागात मी पाइप रेटला.

कट् असा आवाज झाला. क्रँक मोडली म्हणून मी डोळेच मिटले. उघडले तर चकती सुटली होती, क्रँक सरळ होती, आटे शाबूत होते. बोल्ट ढिला करून चकती बोटांनी फिरवत काढली, मग परातीत धरून उघडली. बारीक छर्रे घरंगळले. आत ग्रीस मऊ होतं. दोन्ही कुत्र्यांची टोकं धारदार, स्प्रिंगा ताठ. दाते नव्यासारखे होते. पुसून, भिंगाखाली धरून पुन्हा पाहिलं.

फ्रीव्हीलमध्ये काही बिघाड नव्हता. बायच्या हातातला जोर संपला होता.

सगळं पुन्हा जोडलं, लाकूड मुठीवर बसवलं. पाचूबंदरला जाताना वाटेत ठरवलं की कुत्रे झिजले होते, नवे घातले असं सांगायचं. सांगितलंही. बायने हात पुढे केला, क्रँक घेतली, चकती कानाशी धरून फिरवली. टिकटिक स्वच्छ येत होती.

"हाच जुना आवाज हाय," ती म्हणाली. "मना ठाव होता रे. लोकांना काय सांगू, हात गेले म्हनून? गाडीवर ढकललं. मग तू खोलायलाच बसलास."

मी गाडीपाशी वाकलो. क्रँक गाडीला लावली, कॉटर ठोकली, टोपली ठेवली. ती सीटवर सरकली, पदर खोचला आणि दोन्ही हातांनी मूठ धरून जोर लावला. गाडी जरा हलली आणि थांबली. तिने पुन्हा लावला नाही. समोर बघतच म्हणाली, "मागून ढकल. पन दिसनार नाय असा."

तिच्या गाडीला मागून कुणाचा हात लागलेला मी कधी पाहिला नव्हता. मी टोपलीआड वाकून चालत राहिलो आणि ती हात फिरवत राहिली, रोजच्यासारखे, ताठ बसून. ओटल्यांवर जाळी विणणारे तिला हाका मारत होते, ती मान हलवत होती. त्यांना ती गाडी चालवतानाच दिसत होती. मला मात्र फ्रीव्हीलची टिकटिक ऐकू येत होती. हाताचा जोर चाकाला लागत असेल तर तो आवाज येत नाही.

बाजाराआधी थोडा चढ आहे. तिथे टिकटिक एकाएकी थांबली. माझ्या हातातलं ओझं जरासं हलकं झालं. बायच्या पाठीवरचा ब्लाउज ताणला गेला होता आणि मान थरथरत होती. मी ढकलणं कमी केलं नाही आणि वाढवलंही नाही. चार पावलं ती गाडी आम्ही दोघांनी मिळून नेली, मग टिकटिक पुन्हा सुरू झाली.