पंपाच्या वेळेची मशीन

कुलदीपने मशीन मनात घेऊनच टाकली होती. ब्रह्मपुरीच्या दुकानात सकाळी ती चालवून पाहिली. मोठी होती, स्टील जोडायची, ॲल्युमिनियमही. घराला लागून असलेल्या टिनाच्या शेडमध्ये आजवर तो काडीच्या वेल्डिंगवर गेटं करायचा. पातळ स्टीलला काडी भोकच पाडते, म्हणून नाजूक जोडाची टिग मशीन हवी होती. पैसे एकाच मशीनपुरते. निवड चुकली, तर शेड बंद आणि पुन्हा दुसऱ्याकडे मजुरी.

पैसे भरण्याआधी त्याने लटारूभाऊंना बोलावलं. राजुऱ्याला खाणीच्या वर्कशॉपात त्यांनीच त्याचा हात धरून त्याला वेल्डिंग शिकवलं होतं. आता त्यांना नीट दिसत नव्हतं. तरी बस बदलत आले, पिशवीत व्होल्टमीटर घेऊन.

"चला भाऊ, दुकान दाखवतो."

"दुकान कायले? मशीन दुकानात चालवशीन का इथी?"

मीटर शेडच्या प्लगला लावून म्हातारा बाजेवर बसला. काटा दोनशेवीसवर. जेवण झालं. दुपारी उन्हाळी धानाचे पंप सुरू झाले, सारे शेडला वीज देणाऱ्या याच डीपीवरचे.

"वाच."

"एकशेसत्तर." कुलदीपचे कान गरम झाले. त्यातला एक पंप त्याच्याच बापाचा होता.

"तुही मोठी रानी इतक्या कमी व्होल्टात रुसून बसते."

"मंग ॲल्युमिनियमचं काय?"

"ॲल्युमिनियमचे गंज किती आले तुह्याकडं?"

"एक. विहारातला, भात शिजवाचा."

"अन् स्टीलचं?"

दारामागे शेजारच्या रुखमाबाईंचा पाण्याचा गळका गुंड होता, त्यामागे आणखी चार भांडी, सगळी स्टीलची. कुलदीपने ती मोजली.

त्याने लहान मशीन घेतली. फक्त स्टील-लोखंडाची, पण दीडशे व्होल्टवरही चालणारी. विहाराचा गंज माफी मागून परत केला.

मशीन आली त्या दिवशी लटारूभाऊ पुन्हा आले. पंप चालू झाल्यावरच कुलदीपने गुंड हाती घेतला. काडीच्या तडतडीवरून सांधा ओळखणारा म्हातारा कान लावून बसला.

"चालू हाय का बंद?"

"चालू हाय, भाऊ."

"मुकी हाय गा तुही मशीन!"

गुंड थंड झाल्यावर त्यांनी सांध्यावरून अंगठा फिरवला, एकदा, परत एकदा. मग पाणी भरलं, खाली वर्तमानपत्र ठेवलं. कागद कोरडाच राहिला.

रुखमाबाईंनी त्यातलं पहिलं पाणी लटारूभाऊंना दिलं. कुलदीपला खूप बोलायचं होतं. त्याने त्यांचा रिकामा गिलास घेतला आणि पुन्हा भरून दिला.