केझायाचे नाव दगडावर का नाही

दिनांक ३ एप्रिल १९६९ रोजी, केंटकीच्या डोंगरातील स्टिलहाऊस खोऱ्यात, थॅक्स्टन कुलसंमेलनाच्या समितीने ऑर्फा क्वेसनबेरी यांचा अर्ज न वाचताच बाजूला ठेवला, याची येथे नोंद असावी.

ऑर्फाबाई छप्पन्न वर्षांच्या, तालुक्याच्या शाळेत लॅटिन शिकवणाऱ्या. मागणी एवढीच, की कुळाचे मूळपुरुष, धर्मोपदेशक लेम्युएल थॅक्स्टन यांच्या स्मारकशिळेवर त्यांच्या एकुलत्या मुलीचे, म्हणजे बाईंच्या पणजीचे, केझायाचे नाव कोरावे. समितीच्या यादीत केझाया नव्हती. चार नातू मात्र होते, कारण चौघांच्याही नावात 'लेम्युएल थॅक्स्टन' होते. त्यांच्या आया कोण, हे समितीने विचारलेच नव्हते.

"शाळेत लॅटिनमध्ये नापास केलंत, बाई," समितीचा अध्यक्ष एल्झी हसत म्हणाला, "आता वंशावळीतही करणार?"

"तेव्हाही तू अभ्यास न करताच आला होतास, एल्झी."

"तुमच्या घराण्यात एकाचं तरी नाव लेम्युएल आहे का? नाही ना? मग संपलं. एकतीस मेला पाथरवट येतोय."

बाई वाद न घालता खोऱ्याच्या वरच्या टोकाला गेल्या. त्या चौघांपैकी एक, लेम्युएल थॅक्स्टन गोफोर्थ, यांची नात झेल्फामावशी तेथे राहत असे. वय अठ्ठ्याऐंशी, कान शाबूत. मावशींनी मक्याची भाकरी आणि घेवड्याची वाटी पुढे ठेवली, आणि बाईंनी विचारल्यावर घरचे बायबल मांडीवर घेतले. जन्ममृत्यूच्या पानावर फिकट शाईत लिहिले होते: १८१९, ऑगस्टचा दुसरा रविवार, बाप्तिस्मा, आपल्या मुलासोबत आणखी तीन घरच्या मुलांनाही उपदेशकांचेच नाव दिले.

"त्या वर्षी उपदेशक एकतीस वर्षांचे होते, मावशी. एकतिसाव्या वर्षी चार नातू?"

मावशी खुदकन हसल्या. "अगं, तो माणूस वर्षातून दोनदा घोड्यावरून यायचा. तोपर्यंत पोरं बिननावाची लोळायची. आला की ज्याला त्याला त्याचंच नाव! आमच्या आजोबांना एक हाक मारली तर चार घरांतून ओ यायची."

"आणि केझाया?"

"तिची आई बाळंतपणात गेली. काकाच्या घरी वाढली. आजोबा सांगायचे, बापाला तिनं आयुष्यात मोजून पाच वेळा पाहिलं. जगानं आपल्या पोरांना त्याचं नाव दिलं. तिनं एकालाही दिलं नाही. का देईल?"

बापाचे नाव मुलांना न देणे, ज्यामुळे पणजी यादीतून गळली होती, तेच तिच्या लेकपणाची सर्वांत खरी खूण होती. मग ऑर्फाबाईंनी पानाची नक्कल करून घेण्याची परवानगी मागितली.

मावशींनी बायबल मिटले. "नाही. साठ वर्षं मी त्या संमेलनात रक्ताची म्हणून जेवले. माझा नवरा त्यांच्या दफनभूमीत निजलाय, माझी जागा त्याच्या शेजारी. माझ्याच पुस्तकानं मला परकी करू का?"

"तुम्हाला कोणी उठवणार नाही, मावशी."

"तू नाही उठवणार. एल्झीचं काय सांगावं?" मग त्या म्हणाल्या, "बाकीच्या तिघांनी आपापलं उघडलं, तर मीही उघडीन. एकटी नाही."

बाईंनी त्या तीन घरांना पत्रे लिहिली. एकाने उत्तर दिले नाही. दुसऱ्याने बायबल वाळवीने खाल्ल्याचे कळवले; ते बायबल मात्र खिडकीतल्या फडताळावर सगळ्यांना दिसते. तिसऱ्याने एल्झीला विचारा म्हटले. एल्झीने विचारण्यासारखे काही नसल्याचे सांगितले. सुशिक्षित म्हणवणारी माणसे एक पान उलटायला घाबरतात, हे ऑर्फाबाईंना वर्गात कधी शिकवावे लागले नव्हते.

तेव्हा हे टिपण वाचणाऱ्या थॅक्स्टन, गोफोर्थ आणि इतर तिन्ही घरच्या मंडळींनो, पंचवीस मेच्या रविवारी प्रार्थना संपल्यावर घरची बायबले चर्चमध्ये आणा आणि जन्माचे पान सर्वांसमक्ष वाचा. दफनभूमीतली कोणाचीही जागा काढून घेतली जाणार नाही, असा ठराव त्याआधी करा. आणि केझायाचे नाव कोरायचे ठरल्याशिवाय पाथरवटाला छिन्नी लावू देऊ नका.